नोंदवहीतला पुसट ठिपका

अंधेरी, बोरिवली, मुलुंड किंवा घाटकोपरच्या कुठल्याही सोसायटीच्या गच्चीवर नोव्हेंबरच्या अखेरीस रात्री साडेनऊच्या सुमारास उभे राहून मान पूर्ण मागे टाकली, की जवळजवळ बरोबर डोक्यावर एक सर्पिल दीर्घिका असते. असते, पण दिसत नाही. तिचे नाव एम ७४. मीन राशीतली ही दीर्घिका आपल्यापासून सुमारे तीन कोटी प्रकाशवर्षे दूर आहे. मुंबई १९ अंश उत्तर अक्षांशावर, तर ही दीर्घिका आकाशातल्या विषुववृत्ताच्या जवळपास १६ अंश उत्तरेला. त्यामुळे मुंबईकरांच्या माथ्यावरून जाताना ती खस्वस्तिकापासून जेमतेम तीन अंश बाजूने जाते. दिवाळीनंतर रोज रात्री हे घडते आणि उपनगरातल्या लाखो लोकांपैकी कोणालाही त्याचा पत्ता नसतो.

दोष कोणाच्या डोळ्यांचा नाही. हौशी निरीक्षकांमध्ये एम ७४ आधीपासूनच बदनाम आहे. प्रसिद्ध मेसिए यादीतली पकडायला सर्वांत अवघड दीर्घिका म्हणून तिच्याकडे बोट दाखवले जाते आणि इंग्रजीत तिला चक्क ‘भुताटकी दीर्घिका’ अशा अर्थाचे टोपणनाव आहे. गंमत अशी, की आकड्यांत पाहिले तर ती इतकी मंद वाटत नाही. तिची एकूण प्रत सुमारे ९.४ आहे. या प्रतीचा एखादा सुटा तारा साध्या द्विनेत्रीतून, आकाश काळे असेल तर, सहज सापडतो. पण ताऱ्याचा प्रकाश एका बिंदूत गोळा झालेला असतो. एम ७४ चा तेवढाच प्रकाश पूर्ण चंद्राच्या व्यासाच्या साधारण एक तृतीयांश एवढ्या रुंद चकतीवर पसरलेला आहे. चमचाभर तूप एका पोळीला लावले तर पोळी चकाकते, तेच तूप पन्नास पोळ्यांना पुरवायचे म्हटले तर तूप लावले आहे हे सांगूनच कळावे लागेल. खगोलशास्त्रज्ञ याला पृष्ठतेजस्विता म्हणतात. एखादी वस्तू एकूण किती उजळ आहे, यापेक्षा तिचा प्रकाश किती दाटीने येतो याला इथे महत्त्व आहे. आणि दाटी कमी असली, की स्पर्धा थेट पार्श्वभूमीशी असते. उपनगरातल्या रस्त्यांचे दिवे, होर्डिंग, मॉलचे दर्शनी भाग आणि विमानतळाचा लखलखाट धुळीच्या थरावर आपटून परत खाली येतो, त्या करड्या-नारिंगी आकाशापुढे एम ७४ चा टिकाव लागत नाही.

म्हणून मुंबईचे आकाशवेडे लोक कर्जत लोकल पकडतात. शीवच्या खगोल मंडळासारख्या संस्थांनी बदलापूरच्या पुढच्या वांगणीला रात्रभराच्या आकाशदर्शनाची सवय कित्येक पिढ्यांना लावली. अलीकडे बदलापूरचा उजेडही त्या बाजूला पसरत चालला आहे, हे तिथे जाणारे जुने लोक तक्रारीच्या सुरात सांगतात आणि त्यात तथ्य आहे. नागपूरजवळच्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला २०२४ मध्ये देशातले पहिले ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून मान्यता मिळाली. वाघाबरोबर अंधारालाही संरक्षण लागते, असा दिवस आपल्याकडे आला आहे.

वांगणीला दुर्बिणीपाशी रांग लागते तेव्हा एक प्रसंग हमखास घडतो. दुर्बीण एम ७४ वर लावलेली असते, पहिला माणूस डोळा लावतो आणि म्हणतो, ‘काहीच नाहीये यात.’ मार्गदर्शक सांगतो, ‘थेट बघू नका, जरा बाजूला बघा.’ माणूस नजर किंचित वळवतो आणि एकदम ओरडतो, ‘अरे, आहे! धुरकट काहीतरी आहे!’ पुन्हा थेट बघितले की गायब. हा दुर्बिणीचा चमत्कार नाही, डोळ्याच्या रचनेचा आहे आणि तो समजून घेण्याजोगा आहे.

आपल्या दृष्टिपटलावर प्रकाश टिपणाऱ्या दोन प्रकारच्या पेशी असतात. शंकूपेशी सुमारे ६० लाख, त्या रंग आणि बारकावे ओळखतात, पण त्यांना भरपूर उजेड लागतो. दंडपेशी सुमारे १२ कोटी. त्यांना रंग कळत नाहीत, अक्षरे वाचता येत नाहीत, पण अत्यंत मंद प्रकाश त्या टिपतात. आपण एखाद्या गोष्टीकडे रोखून बघतो तेव्हा तिची प्रतिमा दृष्टिपटलाच्या अगदी मध्यावरच्या खळग्यावर पडते आणि तिथे फक्त शंकूपेशींची गर्दी असते, दंडपेशी नसतातच. म्हणजे मंद वस्तूकडे थेट पाहणे हे तिला न पाहण्याचे सर्वांत खात्रीचे साधन. नजर थोडी तिरकी केली, की प्रतिमा मध्यापासून सरकून दंडपेशींच्या दाट वस्तीत जाते आणि दीर्घिका उगवते.

दंडपेशींना वेळही द्यावा लागतो. त्यांच्यातले ऱ्होडॉप्सिन नावाचे रंगद्रव्य उजेडात मोडते आणि अंधारात पुन्हा हळूहळू तयार होते. उजेडातून अंधारात आल्यावर पहिल्या दहा मिनिटांत थोडे जमते, पूर्ण तयारीला अर्धा तास ते चाळीस मिनिटे लागतात. लाल उजेडाचा दंडपेशींवर फारसा परिणाम होत नाही, म्हणून आकाशदर्शनाला टॉर्चवर लाल जिलेटिन कागद बांधतात. त्या वेळी कुणीतरी व्हॉट्सअ‍ॅप उघडतो आणि त्याच्यासह शेजारच्या चौघांची अर्ध्या तासाची कमाई एका क्षणात जाते. वयाचाही वाटा आहे. तरुणपणी अंधारात बाहुली साधारण सात मिलिमीटर उघडते, साठीच्या आसपास पाचच्या वर जाणे कठीण होते, आणि मोतीबिंदूची सुरुवात असेल तर आत येणारा प्रकाश आणखी गढूळ होतो. आजोबांना दिसली नाही आणि नातवाला दिसली, यात आजोबांनी वाईट वाटून घेऊ नये.

पण एक गोष्ट वाईट वाटून न घेता मनावर घ्यावी अशी आहे. तासभर अंधारात बसूनही बरोबरीच्या वयाच्या सगळ्यांना आकाशगंगेचा पट्टा दिसतो आणि एकाच माणसाला दिसत नाही, पायवाटेवर तो वारंवार अडखळतो, बाजूला ठेवलेल्या खुर्चीवर आपटतो, असे झाले तर त्याने नेत्रतज्ज्ञाला भेटावे. शहरात रातांधळेपणा वर्षानुवर्षे लपून राहतो, कारण शहरात खरा अंधारच नसतो. ऱ्होडॉप्सिन तयार व्हायला जीवनसत्त्व ‘अ’ लागते. त्याची कमतरता मुलांमध्ये आजही पूर्ण गेलेली नाही, म्हणून सरकारी लसीकरण सत्रांत नवव्या महिन्यापासून पाच वर्षांपर्यंत त्याचे नऊ डोस तोंडावाटे देतात. मोठ्यांमध्ये यकृताचे किंवा आतड्याचे दीर्घ आजार त्यामागे असू शकतात. दंडपेशी हळूहळू नष्ट करणारा रेटिनायटिस पिगमेंटोसा हा आनुवंशिक विकार नात्यातल्या लग्नांतून झालेल्या मुलांमध्ये अधिक आढळतो, आणि आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्न ही काही जुनी गोष्ट झालेली नाही. त्याची सुरुवात अनेकदा याच तक्रारीने होते: ‘रात्रीचं नीट दिसत नाही.’ ‘गाजर खा’ एवढ्यावर ती तक्रार उडवून लावू नये.

आता त्या धुरकट ठिपक्याकडे परत येऊ. तो पहिल्यांदा पाहिला फ्रान्सच्या पिएर मेशँ यांनी, सप्टेंबर १७८० मध्ये. त्यांनी आपले सहकारी शार्ल मेसिए यांना कळवले आणि पुढच्या महिन्यात मेसिए यांनी खात्री करून आपल्या यादीत ७४ वा क्रमांक दिला. मेसिए यांना दीर्घिकांशी काही देणेघेणे नव्हते. ते धूमकेतू शोधत होते. धूमकेतूसारखे दिसणारे, पण जागचे न हलणारे ठिपके त्यांचा वेळ खात, म्हणून ‘हे धूमकेतू नव्हेत’ असे सांगणारी यादी त्यांनी केली. १७८१ च्या आवृत्तीत तिच्यात १०३ नोंदी होत्या. धूमकेतूंमुळे मेसिए यांना त्या काळी नाव मिळाले, आज ते लक्षात आहेत ते टाळायच्या गोष्टींच्या यादीमुळे.

हा ठिपका म्हणजे नेमके काय, हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते. जॉन हर्शेल यांनी १८६४ मध्ये वडील विल्यम आणि आत्या कॅरोलिन यांची निरीक्षणे स्वतःच्या निरीक्षणांशी जोडून ५,०७९ नोंदींची सूची केली, तीत एम ७४ ला त्यांनी गोलाकार तारकागुच्छ म्हटले. हे निदान चुकले होते. आयर्लंडमध्ये लॉर्ड रॉस यांच्या सहा फुटी आरशाच्या दुर्बिणीतून १८४५ मध्ये एम ५१ ची भोवऱ्यासारखी रचना दिसली आणि पुढच्या काही वर्षांत ज्या ठिपक्यांत अशी वळणे दिसली त्यांत एम ७४ ही होती. तरीही ही वळणे आपल्या आकाशगंगेतल्या वायूची की दूरच्या स्वतंत्र तारकाविश्वांची, हा वाद एडविन हबल यांच्या मोजमापांनी १९२०च्या दशकात मिटेपर्यंत चालू राहिला. म्हणजे जवळजवळ दीडशे वर्षे या वस्तूची नोंद होती, जागा माहीत होती, वर्णन होते, फक्त ती काय आहे हे माहीत नव्हते.

वैद्यकात हे नवे नाही. सुश्रुतसंहितेत नक्तांध्यावर बकऱ्याच्या यकृताचा उपाय सांगितला आहे. यकृतात जीवनसत्त्व ‘अ’ साठलेले असते, हे कळायला विसावे शतक उजाडले. लक्षण नीट टिपून ठेवले तर कारण नंतर सापडू शकते. टिपलेच नाही तर सापडायचे कशात?

१८८८ मध्ये जॉन ड्रेयर यांनी हर्शेल घराण्याच्या कामावर उभी केलेली ‘नवी सर्वसाधारण सूची’ प्रसिद्ध झाली. ७,८४० नोंदी. इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला एनजीसी म्हणतात आणि हौशी निरीक्षक आजही तीच वापरतात. एम ७४ तिच्यात एनजीसी ६२८ आहे. ड्रेयर यांची वर्णनाची पद्धत सरकारी दवाखान्यातल्या केस पेपरची आठवण करून देते. जागा कमी आणि नोंदी फार, म्हणून सगळे अद्याक्षरांत. ‘मंद’साठी एक अक्षर, ‘फार मंद’साठी दोन, ‘गोल’साठी एक, ‘मध्याकडे अचानक अधिक उजळ’ यासाठी तीन-चार अक्षरांचा पुंजका. डॉक्टरांचे अक्षर केमिस्टलाच लागते, तसे हे वर्णन खगोलवाल्यांनाच लागते. पण सवय झाली की एका ओळीत अख्खा रुग्ण, म्हणजे अख्खी दीर्घिका, समोर उभी राहते.

पुढे सूच्या वाढत गेल्या. स्वीडनमधल्या उप्साला वेधशाळेत पीटर निल्सन यांनी पालोमारच्या छायाचित्रांच्या छापील प्रती तपासून १९७३ मध्ये १२,९२१ दीर्घिकांची सूची केली. तिच्यातला एम ७४ चा क्रमांक यूजीसी ११४९. या सूचीत प्रवेशाची मुख्य अट आकाराची होती, म्हणजे दीर्घिका किमान एक कलामिनिट रुंद असावी. त्यामुळे मोठ्या पण फिकट दीर्घिकांनाही तिच्यात जागा मिळाली, हा या कामाचा मोठेपणा. १९८९ मध्ये फ्रान्समधून ७३,१९७ दीर्घिकांची मुख्य सूची निघाली, तीत हीच दीर्घिका पीजीसी ५९७४. एकच रुग्ण, चार दवाखाने, चार केस पेपर. हे सगळे कागद एकत्र बांधायचे काम आता अमेरिका आणि फ्रान्समधले संगणकी माहितीसाठे करतात. कुठल्याही एका नावाने विचारले तरी बाकीची सगळी नावे आणि आजवरची मोजमापे समोर येतात. आपल्याकडे आभा कार्डाकडून जी अपेक्षा आहे, ती दीर्घिकांच्या बाबतीत केव्हाच पूर्ण झाली आहे.

लाखोंनी वस्तू सापडू लागल्यावर नुसते क्रमांकही पुरेनासे झाले. मग पत्ता हेच नाव झाले. पृथ्वीवर अक्षांश-रेखांश, तसे आकाशात क्रांती आणि विषुवांश. क्रांती अंशांत, विषुवांश तास-मिनिटे-सेकंदांत. एम ७४ चा पत्ता १ तास ३६ मिनिटे ४१.८ सेकंद आणि उत्तरेला १५ अंश ४७ कला. पिन कोड ४०००९२ म्हटले की टपाल बोरिवली पश्चिमेला जाते आणि ४०००८० म्हटले की मुलुंड पश्चिमेला, तसेच हे. फक्त एक अडचण आहे. पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा डुलतो, त्यामुळे आकाशातले सगळे पत्ते साधारण ७२ वर्षांत एका अंशाने सरकतात. म्हणून पत्त्यापुढे ‘जे’ हे अक्षर लावतात. त्याचा अर्थ, हा पत्ता सन २००० च्या मोजणीप्रमाणे आहे.

याचे ताजे उदाहरण उपनगरातूनच मिळते. सांताक्रूझ पूर्वेला मुंबई विद्यापीठाच्या कलिना संकुलात अणुऊर्जा विभागाबरोबर चालवले जाणारे मूलभूत विज्ञानांचे केंद्र आहे. तिथले आनंद होता यांनी २०१३ मध्ये ‘रॅड अ‍ॅट होम’ हा नागरिक-विज्ञान उपक्रम सुरू केला. विज्ञान शिकलेले, पण संशोधनाच्या नोकरीत नसलेले तरुण खोडदच्या जीएमआरटीसारख्या रेडिओ दुर्बिणींच्या प्रतिमा तपासतात आणि वेगळे काही दिसले तर कळवतात. २०२५ मध्ये या गटाने युरोपातल्या लोफार दुर्बिणीच्या माहितीतून एकमेकांत गुंफलेली दोन प्रचंड रेडिओ कडी जाहीर केली. त्या वस्तूचे नाव ‘आरएडी जे १३१३४६.९+५००३२०’. तोंडात बसत नाही खरे, पण वाचता आले की ते नाव स्वतःच वाट दाखवते: १३ तास १३ मिनिटे ४६.९ सेकंद, उत्तरेला ५० अंश ३ कला २० विकला. जगातल्या कोणत्याही दुर्बिणीला हे नाव दिले, की ती नेमकी तिथेच वळते.

नोंद किती उपयोगी पडते, हे एम ७४ नेच दाखवून दिले. जून २००३ मध्ये ऑस्ट्रेलियातले धर्मोपदेशक आणि हौशी निरीक्षक रॉबर्ट इव्हान्स यांना या दीर्घिकेत एक नवा ठिपका दिसला. शेकडो दीर्घिकांभोवतीच्या ताऱ्यांची मांडणी त्यांना पाठ होती, त्यामुळे कोणती दीर्घिका काल होती तशीच आहे आणि कोणत्या दीर्घिकेत पाहुणा आला आहे, हे ते नजरेने सांगत. हा पाहुणा म्हणजे फुटलेला तारा, अतिनवतारा. मग शास्त्रज्ञांनी काही महिन्यांपूर्वी हबल दुर्बिणीने घेतलेली त्याच जागेची छायाचित्रे बाहेर काढली. त्यांत स्फोटापूर्वीचा तारा सापडला: सूर्याच्या साधारण आठपट वस्तुमानाचा लाल महाराक्षसी तारा. स्फोटाचा धुरळा बसल्यावर पुन्हा पाहिले तेव्हा, २००९ मध्ये जाहीर झाल्याप्रमाणे, तो तारा जागेवर नव्हता. मृत्यूनंतर रुग्णाचा जुना एक्स-रे हाती लागावा आणि निदान पक्के व्हावे, तसा हा प्रकार. अशा ताऱ्यांचा शेवट असाच होतो, हे सिद्धांताने आधीच सांगितले होते, इथे मात्र आधीचा आणि नंतरचा असे दोन्ही फोटो होते.

सूच्यांचे इतके गुण सांगितल्यावर त्यांचा मोठा दोष सांगायला हवा. सूचीत तेच येते जे दिसते. सरकारी रुग्णालयाच्या नोंदवहीवरून एखाद्या आजाराचा अंदाज बांधणाऱ्याला हा सापळा चांगला ठाऊक असतो. ओपीडीत आला तो मोजला जातो, घरीच राहिला तो नाही, आणि मग ‘हा आजार आपल्याकडे कमी आहे’ असे अहवालात लिहिले जाते. दीर्घिकांचे अगदी असेच झाले. जवळपास सगळ्या सर्पिल दीर्घिकांची पृष्ठतेजस्विता सारखीच असते, असे निरीक्षण १९७० मध्ये पुढे आले आणि काही वर्षे तो निसर्गाचा नियम वाटला. पण त्याहून फिकट दीर्घिका आकाशाच्या स्वतःच्या उजेडात बुडून गेल्या असतील तर? हा प्रश्न विचारणारे होते, पण त्यांच्याकडे पुरावा नव्हता.

पुरावा आला १९८७ मध्ये. ऑस्ट्रेलियातले छायाचित्रतज्ज्ञ डेव्हिड मालिन यांनी जुन्या काचांवरचा अत्यंत पुसट प्रकाश उठावदार करण्याची पद्धत बसवली होती. त्या पद्धतीने एक अशी सर्पिल दीर्घिका सापडली, जिचा मधला भाग सामान्य दिसत होता, पण भोवतीची चकती प्रचंड होती आणि रात्रीच्या आकाशाहूनही कितीतरी फिकट. तिचे नाव मालिन १. तिचा व्यास सुमारे साडेसहा लाख प्रकाशवर्षे, म्हणजे आपल्या आकाशगंगेच्या कित्येक पट. एवढी मोठी वस्तू सूच्यांच्या नजरेतून निसटली होती, कारण ती मोठी होती पण दाट नव्हती. या दीर्घिकेचा जंबरात, म्हणजे अतिनील प्रकाशात, अभ्यास आपल्या अ‍ॅस्ट्रोसॅट उपग्रहावरच्या दुर्बिणीनेही झाला असून तो पुण्याच्या आयुकातल्या कनक साहा आणि सहकाऱ्यांनी केला.

फिकटपणाचे दुसरे कारण अंतर. इथेही पुण्याने अलीकडे महत्त्वाची नोंद केली. विद्यापीठाच्या आवारातल्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रात राशी जैन या पीएचडी करणाऱ्या विद्यार्थिनी आणि त्यांचे मार्गदर्शक योगेश वाडदेकर जेम्स वेब दुर्बिणीची माहिती तपासत होते. आकाशाचा भाग होता एबेल २७४४ या दीर्घिकासमूहाचा. हे नावसुद्धा एका सूचीतला क्रमांकच. त्या भागातल्या सुमारे ७० हजार वस्तूंच्या यादीतून जाताना एक सुबक सर्पिल दीर्घिका समोर आली: मधे फुगवटा, दोन्ही बाजूंना दोन नीट वळलेल्या भुजा आणि भुजांवर माळेत मणी ओवावेत तसे तारे जन्मण्याचे ठिपके. तिचा प्रकाश सुमारे १२ अब्ज वर्षे प्रवास करून आला आहे. म्हणजे ती दिसते ती विश्व जेमतेम दीड अब्ज वर्षांचे होते तेव्हाची. आजच्या वयाच्या साधारण एक दशांश.

इतक्या लहान वयात इतकी रेखीव दीर्घिका असणे अपेक्षित नव्हते. त्या काळातल्या दीर्घिका वेड्यावाकड्या, गुठळ्या-गुठळ्यांच्या असाव्यात आणि नीट चकती, त्यावर नीट भुजा हे घडायला काही अब्ज वर्षे लागावीत, असा समज होता. या दीर्घिकेत मात्र सुमारे दहा अब्ज सूर्यांएवढे तारे होते, व्यास सुमारे ३० हजार प्रकाशवर्षे होता आणि दरवर्षी साधारण ६० सूर्यांएवढे नवे तारे बनत होते, आपल्या आकाशगंगेच्या आजच्या वेगाच्या वीस-तीस पट. नोव्हेंबर २०२५ मध्ये हे संशोधन ‘अ‍ॅस्ट्रॉनॉमी अँड अ‍ॅस्ट्रोफिजिक्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले आणि दीर्घिकेला नाव मिळाले अलकनंदा. आपल्या आकाशगंगेला मंदाकिनी म्हणतात, हिमालयात मंदाकिनी आणि अलकनंदा या बहिणी-बहिणी, म्हणून हे नाव. क्रमांकांच्या आणि पत्त्यांच्या गर्दीत असे एखादे नाव वाचले की बरे वाटते, हे मान्य करायला हरकत नाही.

ती आधी का दिसली नाही, याचे उत्तर पुन्हा नजरेत आहे. विश्व प्रसरण पावत असल्याने तिचा प्रकाश वाटेत ताणला गेला. मूळचा दृश्य प्रकाश आपल्यापर्यंत येईतो अवरक्त झाला, हबलच्या पल्ल्याच्या पलीकडे गेला. जेम्स वेब अवरक्तातच पाहते. शिवाय मधल्या एबेल २७४४ समूहाच्या गुरुत्वाकर्षणाने भिंगासारखे काम करून तिला जवळपास दुप्पट उजळ केले. अंतर मोजायला संशोधकांनी तब्बल २१ वेगवेगळ्या गाळण्यांतून घेतलेल्या प्रतिमा वापरल्या. एकाच रुग्णाच्या २१ तपासण्या समोर असल्या की निदान चुकायची शक्यता कमी होते. कोणत्या गाळणीत ती उजळ आणि कोणत्या गाळणीत जवळपास अदृश्य, यावरून तिची ताम्रसृती चारच्या थोडी वर असल्याचे ठरले.

एक तपासणी अजून बाकी आहे. अलकनंदेची चकती खरोखर शांतपणे गरगरते आहे की नुकत्याच झालेल्या एखाद्या धक्क्याने तिच्यात भुजा उमटल्या आहेत, हे नुसत्या फोटोवरून सांगता येत नाही. त्यासाठी तिच्या वेगवेगळ्या भागांचा वर्णपट घ्यावा लागेल, म्हणजे कुठला भाग आपल्याकडे येतो आहे आणि कुठला दूर जातो आहे हे कळेल. जेम्स वेब किंवा चिलीतल्या आल्मा दुर्बिणीने ते करता येईल. उत्तर पहिले निघाले तर दीर्घिका कशा घडतात याचे वेळापत्रक बरेच अलीकडे ओढावे लागेल. आणि ७० हजारांच्या यादीत अशी एक निघाली, तर अजून न चाळलेल्या याद्यांत किती असतील, हा प्रश्न पुण्यात आणि इतरत्र आता विचारला जातो आहे.

अलकनंदा कोणाच्याही दुर्बिणीतून डोळ्याने दिसणार नाही. एम ७४ मात्र दिसू शकते. नोव्हेंबर-डिसेंबरमधली अमावास्येच्या आसपासची रात्र धरावी आणि वांगणीला किंवा त्याहून अंधाऱ्या जागी जावे. अश्विनी नक्षत्रातले जवळजवळ असलेले दोन ठळक तारे शोधावेत. त्यांतल्या उजळ ताऱ्यापासून दुसऱ्याकडे रेषा ओढून ती त्याच दिशेला त्या अंतराच्या दुप्पट पुढे न्यावी, तिथे मीन राशीतला ईटा हा मध्यम तेजाचा तारा आहे. त्याच्या पूर्वेला, हात लांब करून धरलेल्या बोटाच्या जाडीएवढ्या अंतरावर, कमी वर्धनाची भिंग लावलेली सहा-आठ इंची दुर्बीण रोखावी. मोबाइल खिशात, खिसा बंद. अर्धा तास थांबावे. मग ठिपक्याच्या थोडे बाजूला बघावे.